हलव्याचे दागिने घरी कसे करावेत

डिसेंबर संपत आला की आमच्या सांगलीच्या गावभागातली एखादी तरी शेजारीण दारात उभी राहून विचारते, "काकू, नातवाचं बोरन्हाण आहे, दोन दिवसांत हलव्याचे दागिने होतील का?" होतात, पण ते विकतच्या हलव्याचे. हलवाही घरीच करायचा असेल तर चार दिवस हलव्याला आणि दोन दिवस गुंफणीला, असा साधारण आठवडा हाताशी ठेवावा लागतो. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. हळदीकुंकू, लहानग्यांचे बोरन्हाण आणि नव्या सुनेचे तिळवण ही कार्ये मात्र पुढे रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतात. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परात चुलीवर चढली तरी धावपळ होत नाही.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक अट सांगून ठेवते, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर बेतलेली आहे. दागिन्यात डिंक किंवा गोंद वापरायचा नाही. बाजारातले बरेचसे दागिने पुठ्ठ्यावर दाणे चिकटवून केलेले असतात, आणि ते देखणेही दिसतात. एके वर्षी वेळ वाचवण्यासाठी मीही तसेच केले होते. बोरन्हाण सुरू असताना भाचीच्या मुलाने बाजूबंदाचा दाणा उपटून तोंडात टाकला, आणि पुढची पाच मिनिटे आम्ही तिघीजणी त्याच्या तोंडातून गोंदाचे तुकडे काढत बसलो होतो. हलव्याचा दागिना तासभर अंगावर मिरवायचा, मग सोडवायचा आणि वाटून खाऊन टाकायचा, यासाठीच असतो. जो सोडवता येत नाही आणि खाता येत नाही, तो मग खड्यांचाच का घालू नये, असा माझा सरळ प्रश्न आहे.

सामान थोडके लागते. मध्यम दागिन्यांसाठी साबुदाणा, नाजूक कामासाठी पॉलिशचे तीळ आणि अगदी बारीक भरणीसाठी खसखस घ्यावी. पहिल्याच खेपेला तिन्हींचा घाट घालू नये. साबुदाण्याचा हलवा सगळ्यांत समजूतदार असतो. पाव वाटी साबुदाण्याला 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी आणि 1 चमचा दूध पुरते. साखर स्वच्छ, पांढरी आणि मध्यम दाण्याची असावी. या दिवसांत आपल्याकडे रस्तोरस्ती उसाचे ट्रॅक्टर दिसतात, त्यामुळे साखरेसाठी सांगलीकराला दूर जावे लागत नाही.

साबुदाणा मंद आचेवर हलका होईपर्यंत भाजून घ्यावा, पण त्याचा रंग बदलू देऊ नये. दुसरीकडे साखर आणि पाणी उकळत ठेवावे. उकळी आली की चमचाभर दूध घालावे, म्हणजे साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते. ती झाऱ्याने काढून पाक स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावा. काहीजणी मळी काढण्यासाठी लिंबू पिळतात, पण हलव्याला ते बाधते. लाडवांच्या पाकात लिंबाचे थेंब घालतात ते पाक पुन्हा साखरू नये म्हणून, आणि इथे तर आपल्याला तो साखरायलाच हवा असतो. गाळलेला पाक पुन्हा चार-पाच मिनिटे उकळून, एकतारी होण्याच्या अलीकडेच उतरवावा. बोटांना चिकट लागला पाहिजे, तार मात्र धरता कामा नये. दिवसभरात तो दाटला तर चमचाभर गरम पाणी घालून सारखा करावा.

आता खरे काम. पूर्वी पितळी परात कोळशाच्या शेगडीवर ठेवत आणि निखाऱ्यांवर राख पसरून आच मारत असत. आमच्याकडे 2019 च्या पुरात खालच्या मजल्यावरचे पुष्कळ सामान गेले, पण सासूबाईंची परात माळ्यावर होती म्हणून वाचली. मी अजून तीच वापरते. गॅसवर करायचे असेल तर आधी जाड लोखंडी तवा, त्यावर परात किंवा जाड बुडाची पसरट कढई आणि खाली सर्वांत बारीक ज्योत, अशी रचना करावी. परातीचा तळ तळहाताला सहज सोसवेल इतकाच गरम असावा, कारण हलवा चमच्याने होत नाही, हाताने होतो. दाण्यावर साखरेचे जे बारीक टोकदार काटे उठतात, ते चमचा मोडतो.

परातीत साबुदाणा घालून त्यावर चहाचा एकच चमचा पाक सोडावा आणि चारही बोटे पसरून, दाण्यांना न दाबता, गोल गोल फिरवत राहावे. आधी दाणे एकमेकांना बिलगतात, मग सुटे होतात, आणि थोड्या वेळाने परातीत वाळूसारखा कोरडा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की पुढचा चमचा. एवढीच कृती आहे, आणि ती तासन्‌तास करायची आहे. पाक ओला असतानाच दुसरा चमचा घातला तर दाण्यांचे गठ्ठे होतात. आवाज येऊनही हात थांबला तर तळाशी साखरेची भुकटी जमते. ही भुकटी मधूनमधून चाळून बाजूला काढावी, नाहीतर नव्या पुटातला पाक तिलाच लागतो आणि दाणे उपाशी राहतात. भुकटी चहात घालावी, वाया जात नाही.

पहिल्या दिवशी नुसती पांढरी, गुळगुळीत साबुदाण्याची वाटी पदरात पडते, आणि बहुतेकजणी इथेच हिरमुसतात. दुसऱ्या दिवशी दाणा हाताला खरखरीत लागतो. काटा दिसू लागतो तो तिसऱ्या दिवशी, तोही उन्हाकडे धरून पाहिले तरच. होते असे की पाक दाण्यावर पातळ पसरतो, त्यातले पाणी उडून जाते आणि साखरेचे बारीक कण मागे राहतात; पुढच्या पुटातली साखर त्याच कणांवर बसते, त्यामुळे जिथे जरासा उंचवटा झाला असेल तिथेच तो वाढत जातो. म्हणूनच शेवटच्या दिवशी पाक आणखी थोडा पातळ करावा, चमच्याऐवजी बोटांनी शिंपडावा आणि हाताचा वेग निम्म्यावर आणावा. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसू नये. खांदा भरून येतो, आणि कंटाळलेला हात दाण्यांना रगडू लागतो. रात्री हलवा उघडा न ठेवता कोरड्या डब्यात भरून ठेवावा.

हलवा थंडीतच का होतो, याचे उत्तर थंडीपेक्षा कोरडेपणात आहे. साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग काटे विरघळून बोथट होतात. जुन्या बायका पहाटे शेगडी पेटवायला सांगत, पण कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी हा सल्ला आंधळेपणाने पाळू नये. जानेवारीत नदीवर धुके उतरले की आमच्या घरातली कापडेसुद्धा दमट लागतात. अशा दिवशी दहा वाजून ऊन वर आल्यावरच मी परात चढवते. नदीपासून लांब, विश्रामबागेकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला ही अडचण येत नाही आणि तिच्या हलव्याला माझ्यापेक्षा चांगला काटा येतो, हे मी नाखुशीने मान्य करते.

रंगाविषयी माझे मत जरा कडक आहे. केशराच्या चार काड्या शेवटच्या पुटात चालतील. हळदीने रंग देण्याचा प्रयोगही करून पाहिला, कारण सांगलीत राहून हळद वापरायची नाही हे मनाला पटेना. रंग सुरेख आला, पण वास दाण्यात उतरला. काळ्या कापडावर पांढरा हलवाच शोभतो.

गुंफणीसाठी पांढरा शिवणाचा दोरा दुहेरी घ्यावा आणि हाताखाली ताट ठेवावे, कारण दाणे निसटतात. दोऱ्याला सैल सरकगाठ मारावी, म्हणजे एक टोक ओढल्यावर आवळणारा आणि दुसरे ओढल्यावर सुटणारा छोटा फास तयार होतो. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दाणा धरून फास त्याच्या मध्यावर चढवावा आणि हळूच आवळावा. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसला की किंचित अडकल्यासारखे जाणवते; तिथे थांबावे. त्याहून जोर लावला तर दोरा काटे कापत जातो आणि दाणा टक्‌ करून ताटात पडतो. मग दोऱ्याच्या त्याच बाजूला अगदी लगत पुढची गाठ, पुढचा दाणा. गुळगुळीत राहिलेले दाणे दोऱ्यात टिकत नाहीत, ते आधीच निवडून खाऊसाठी ठेवावेत. वीतभर सरीला साबुदाण्याचे साधारण 30 दाणे लागतात, आणि सवय नसलेल्या हाताला त्या सरीसाठी पाऊण तास सहज लागतो.

एकदा सरी जमली की बहुतेक दागिने तिच्यातूनच निघतात. दोन सरी एकत्र पिळल्या की बांगडी, तीन सरींना खाली पदक जोडले की तन्मणी, मधूनमधून काळे मणी ओवले की मंगळसूत्र. कंबरपट्टा, बाजूबंद आणि मुकुट यांना आधार लागतो. त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी काळ्या सुती कापडात शिवून घ्यावी आणि तयार सरी तिच्यावर लांब टाक्यांनी टाचावी. बाळकृष्णाची बासरी करायची असेल तर कागदाच्या जाड नळीवर काळे कापड गुंडाळून त्यावर सरी तिरपी फिरवत न्यावी. नथीला तिळाचा हलवाच घ्यावा आणि ती शेवटी करावी. पहिल्या दिवशी नथ करायला बसलेली बाई दुसऱ्या दिवशी परत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाळाच्या दागिन्यांत तार, टाचणी किंवा पिन अजिबात नको. काटे कोवळ्या कातडीला टोचतात, म्हणून प्रत्येक सरीच्या मागे मऊ कापडाची पट्टी असावी आणि गळ्यातला हार मागे एका ओढीत सुटेल अशा बंदाचा असावा. हलव्याचा कडक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. तोच धोका बोरांच्या आठळ्यांचा आणि हरभऱ्याचाही असतो. म्हणून लूट डोक्यावरून टाकताना बोरे थोडी आणि चुरमुरे भरपूर घ्यावेत, मोठी मुले वेचत असताना बाळ कुणाच्या तरी मांडीवर असावे, आणि फोटो झाले की दागिने लगेच उतरवावेत. घामाने हलवा पाझरू लागतो, त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त वेळ ते कुणाच्याच अंगावर शोभत नाहीत.

मुंग्यांचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून करावा. तयार सरी बटर पेपरच्या थरांमध्ये ठेवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भराव्यात, डब्यात तांदळाची छोटी पुरचुंडी टाकावी आणि डबा ज्या टेबलावर असेल त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच दाण्यांवर दव धरते.

गुंफणी एकटीने करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चार-पाचजणींना दुपारच्या चहाला बोलवावे, मुलांना मोठे, मध्यम आणि बारीक असे दाणे निवडायला बसवावे. हे बोलावणे हळदीकुंकवासारखे गाळून करू नये. ज्यांना सवाष्ण नाही म्हणून हळदीकुंकवाला वगळले जाते, त्यांतल्या कितीतरी जणींनी उभे आयुष्य दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी हलवा केलेला असतो. माझी सरकगाठ मला अशाच एका आत्यांनी शिकवली, आणि आता आमच्या हळदीकुंकवालाही त्या पहिल्या रांगेत असतात. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी 11 दाण्यांची एकेक सरी कागदाच्या पुडीत घालून द्यावी. तिळगुळाबरोबर ती हातावर ठेवली की पाहुणी तिथेच ती मनगटाला बांधते, आणि घरी पोहोचेपर्यंत तिच्या मुलाने निम्मी खाल्लेली असते.

कार्य झाल्यावर दागिने सोडवायला बसावे. आधी टाके उसवावेत, मग दोऱ्याचे सुटे टोक ओढले की गाठी एकामागून एक सुटत जातात आणि दाणे ताटात पडतात. कापडी आधार असलेले, अंगाला न लागलेले दाणे चाळून, पुड्या करून शेजारी द्यावेत. तुटके दाणे दुधात विरघळवावेत. मुकुटाची आणि कंबरपट्ट्याची काळी पट्टी धुऊन ठेवावी, ती पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या बाळाला होते. आमच्या आळीत एकच पट्टी गेली काही वर्षे या घरातून त्या घरात फिरते आहे आणि तिला आता चार ठिकाणी जोड आहेत. घामाने ओले झालेले दाणे मात्र कुणाला देऊ नयेत. ते अंगणात तुळशीपासून जरा लांब टाकावेत. ज्या मुंग्यांना इतके दिवस पाण्याच्या वाट्यांनी अडवून धरले, त्या संध्याकाळपर्यंत सगळे उचलून नेतात.