पगार बुडतोय, ओटी (ओव्हरटाइम) सिंगलच मिळतेय? मग या चुका टाळा

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनग्याची मशीन शॉप आणि फौंड्री असो, शहापूर-वडगावचे यंत्रमाग असोत की निपाणीची वखार. पगाराचं भांडण लेबर ऑफिसात फार क्वचित हरतं. ते त्याच्या कितीतरी आधी हरलेलं असतं. पोरं चिडतात, गेटवर आवाज करतात, आणि मग समोरून साधा प्रश्न येतो: किती दिवसांचे, किती तासांचे, कुणाकुणाचे? तिथं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. खाली ज्या चुका दिल्यात त्यातल्या बहुतेक या एकाच दुखण्याच्या फांद्या आहेत.

"हजेरी कंत्राटदाराकडं आहे की"

आहे, आणि म्हणूनच ती तुमच्या कामाची नाही. ज्या दिवशी तक्रार जाईल त्या दिवशी मस्टर नवं लिहिलं जातं आणि त्यात तुमचे बारा तास आठ होतात. साधी शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, आत गेलेली वेळ, बाहेर पडलेली वेळ, मशीन किंवा विभाग, त्या पाळीचा सुपरवायझर. पेनानंच लिहा, मध्ये जागा सोडू नका, खाडा झाला तर खाडाही लिहा. फक्त ओटीचे दिवस असलेली वही खोटी वाटते. खाडे, उशिरा पोचलेले दिवस, बटवड्याच्या दिवशी हातात आलेली रक्कम, घेतलेली उचल असं सगळं असलेली वही खरी वाटते. तिघा-चौघांच्या वह्या एकमेकींशी जुळल्या की मालकाच्या वकिलाला त्या झटकून टाकता येत नाहीत.

फोटो काढायचाच तर पंचिंग मशीनच्या पडद्याचा किंवा पगारपत्रकाचा काढा. ड्रॉइंग, डाय, गिऱ्हाइकाचा पार्ट फोटोत येऊ देऊ नका. मूळ रजिस्टर घरी नेणं तर दूरच राहू दे. पगाराची तक्रार चोरीच्या आरोपात बुडवायला मालकाला तेवढं निमित्त पुरतं.

ओटीचा भागाकार

पैसा इथं सगळ्यात जास्त खाल्ला जातो, आणि तोही उघड्यावर. समजा पगार महिना 15,600 आहे. 26 दिवसांनी भागले की रोज 600, आठ तासांनी भागले की तासाला 75. कायद्याप्रमाणे ओटी दुप्पट, म्हणजे तासाला 150. कंत्राटदार काय करतो? 15,600 ला 30 ने भागतो, 520 येतात. मग पाळी बारा तासांची म्हणून पुन्हा 12 ने भागतो आणि तासाला 43 रुपये हातावर ठेवतो. वर सांगतो, "ओटी देतोय की रे." रोज ओटीचे दोनच तास धरले तरी महिन्याला 52 तास होतात. मिळायला हवेत 7,800 आणि मिळतात 2,250 च्या आसपास. साडेपाच हजारांची ही चोरी दर महिन्याला होते, आणि पोराला वाटत असतं की आपण जादा कमावतोय.

कर्नाटकानं 2023 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून बारा तासांपर्यंतच्या पाळीला वाट करून दिली. मुकादम त्याचा हवाला हमखास देतो. पण त्याला कामगाराची लेखी संमती लागते आणि आठवड्याची 48 तासांची मर्यादा तशीच राहते. बारा तासांनी सहा दिवस म्हणजे 72 तास. वरचे 24 तास ओटीचेच.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेतल्या काही गोष्टी पाठच करा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त नाहीत. दंड 3 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 15,600 वर 468 रुपये, आणि तोही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. "जॉब रिजेक्ट झाला, दोन हजार कापले" हे सांगण्यापुरतं सोपं आहे. चूक तुमच्या हलगर्जीपणाची होती हे दाखवल्याशिवाय ती कपात टिकत नाही. बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकीचा पगार भत्त्यांत दाखवायची युक्तीही आता तोकडी पडते, कारण एकूण रकमेच्या निम्म्यावरचे भत्ते पगारातच धरले जातात.

एटीएम कार्ड मुकादमाकडं ठेवणं

पगार बँकेत पूर्ण जमा होतो, कार्ड आणि पिन मुकादमाकडं असतात, तो पैसे काढतो आणि हातात रोख कमी देतो. कागदावर सगळं चकाचक. इथं पुरावा तुमच्या पासबुकातच असतो. आठ-दहा जणांची पासबुकं शेजारी ठेवून बघा: एकच एटीएम, एकच तारीख, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं पैसे काढलेले. दहा माणसं एका रांगेत उभी राहून पाठोपाठ सगळा पगार काढत नाहीत. कार्ड ब्लॉक करून नवं घ्या, पण आधी सगळ्यांच्या नोंदींच्या प्रती काढून ठेवा, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी करा. एकट्यानं केलं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद.

पीएफचं दुखणं याच्याच शेजारचं. स्लिपवर कापलेले दिसतात, भरलेले नसतात, किंवा मालकाचे 12 टक्केही तुमच्याच पगारातून जातात. यूएएनला (पीएफच्या तुमच्या नंबरला) जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक येते. कपात 12 टक्क्यांहून जास्त दिसली की तिथंच थांबा आणि विचारा. ईएसआयसाठी (कामगार विम्यासाठी) तुमच्या पगारातून 0.75 टक्केच कापता येतात.

कार्यक्षेत्र चुकवणं

सीमाभागातली ही खास चूक. चंदगडहून रोज बेळगावला कामाला येणारा पोरगा कोल्हापूरच्या कचेरीत अर्ज देतो. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत जाणारा बेळगावात देतो. दोन महिने जातात आणि "हे आमच्याकडं येत नाही" असं उत्तर मिळतं. घर कुठं आहे याला अर्थ नाही, काम कुठं केलं ते बघतात. किमान वेतनही त्याच राज्याचं. कर्नाटकात महागाई भत्ता दर वर्षी 1 एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत. म्हणून मित्राच्या कागलच्या पगाराशी आपल्या उद्यमबागेच्या पगाराची तुलना करून आकडा लिहू नका. आपल्या धंद्याच्या अनुसूचीतला (सरकारी दरांच्या यादीतला), आपल्या झोनचा म्हणजे भागाचा, त्या वर्षीचाच दर काढा.

भाषेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. घटनेच्या 350 व्या अनुच्छेदानं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय, त्यामुळं मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरीही पगाराच्या दाव्यात ती लढाई ओढून आणू नये असं आमचं मत आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, मराठी प्रत सोबत जोडा, दोन्हींवर पोच घ्या. शेजारच्या मशीनवर गोकाकचा कन्नड पोरगा आहे, पलीकडं बिहारचा. पैसे तिघांचेही गेलेत. सगळ्यांत आधी त्या गोकाकच्या पोराला घ्या. अर्ज तो एका बैठकीत लिहून देईल. मालकाला मराठी-कन्नड वाद नेहमीच स्वस्तात पडतो.

न कळणाऱ्या कागदावर सही

कोऱ्या कागदावर तर नाहीच, पण कन्नड किंवा इंग्रजी छापील "फुल अँड फायनल"च्या (सगळा हिशेब मिळाला असं लिहिलेल्या) कागदावरही समजून उमजून घेतल्याशिवाय सही करू नका. पैसे हवेत आणि सही टाळता येत नाही अशी वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: "फक्त इतके रुपये मिळाले, बाकीचा हक्क राखून", आणि तारीख घाला. तेवढी एक ओळ पुढं फार उपयोगी पडते.

ट्रेनी म्हटलं की गप्प बसणं

आयटीआय करून आलेल्या पोरांना दोन-दोन वर्षं "ट्रेनी" ठेवतात. अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. ती नसेल आणि तुम्ही एकटे मशीन चालवून उत्पादन देत असाल, तर कार्डावर काहीही छापलं असलं तरी तुम्ही कामगार म्हणून हक्क मागू शकता. करार खरोखर नोंदलेला असेल तर मात्र किमान वेतनाचा दावा लावू नका, फेटाळला जाईल. स्टायपेंड आणि कामाचे तास यांवर बोला.

सगळ्यांनी मिळून अचानक खाडा

रागात हे सगळ्यात आधी सुचतं. दहा किंवा अधिक जण ठरवून, सूचना न देता गैरहजर राहिले तर प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची तरतूद आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर नव्या औद्योगिक संबंध संहितेत तो संपच मानला जातो. संपाला 14 दिवस आधी नोटीस लागते, आणि लेबर ऑफिसात तडजोडीची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. मग हातात काय उरतं? जादा तास नाकारणं. ओटी सक्तीची नाही, आणि आठ तास भरून वेळेवर बाहेर पडणाऱ्या माणसाला गैरहजर म्हणता येत नाही. पण ते एकट्यानं करून उपयोग नाही. अख्खी पाळी हवी.

ग्रुप काढायची घाई

दोनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे सुपरवायझरला दिलेली नावांची यादी. कुणाचा तरी मेहुणा ऑफिसात असतोच. आधी प्रत्येक विभागातून, प्रत्येक पाळीतून एकेक भरवशाचा माणूस शोधा आणि समोरासमोर बोला. गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर नको, तिथं फोरमनही चहा पितो. ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा टाका. शिव्या, धमक्या, मालकाचे फोटो नकोत.

युनियन नोंदवायला सात जण पुरतात हे अर्धंच खरं. सातांबरोबर एकूण कामगारांचे 10 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. चारशेच्या कारखान्यात चाळीस झाले. आठ-दहा जणांच्या मशीन शॉपमध्ये वेगळी युनियन काढत बसण्यापेक्षा वसाहतीतल्या त्याच धंद्याच्या कामगारांची एक काढावी. बाहेरचा पुढारी सल्ल्याला ठीक आहे, पण पावतीपुस्तक, हिशेबाची वही आणि वाटाघाटीला बसणारी माणसं कारखान्यातलीच हवीत. मालक एका खोलीत एकाच माणसाशी बोलत असेल तर काहीतरी चुकतंय. कमीत कमी तिघं जा, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

कामावरून काढलं की घरी बसणं

गेटवर अडवलं, तोंडी "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, आणि पोरगा गावी निघून गेला, की मालक लिहितो: कामगारानं स्वतःहून काम सोडलं. तेव्हा दुसऱ्या दिवशीही पाळीच्या वेळेला गेटवर जा, सोबत एक साक्षीदार न्या. त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पत्र टाका: अमुक वाजता कामावर हजर व्हायला आलो, आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. पावती जपा. मेसेजही पाठवा. लेबर ऑफिसातल्या तडजोड अधिकाऱ्याकडं अर्ज दिल्यावर 45 दिवसांत निकाल लागला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. हा वाद दोन वर्षांच्या आतच उभा करावा लागतो.

दावा, आणि तडजोडीतली शेवटची ठेच

पगाराचा दावा एका अर्जात कितीही जणांचा करता येतो; युनियनही करू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. मुदत तीन वर्षांची आहे, पण वेतन संहितेच्या आधीच्या थकबाकीला जुनी, कमी मुदत लावली जाऊ शकते, म्हणून सहा महिन्यांच्या आतच अर्ज द्या. माणसागणिक एक तक्ता जोडा: महिना, तास, मिळायला हवे, मिळाले, बाकी. कंत्राटदार पळाला असेल तर मूळ कंपनीलाही पक्षकार करा; कंत्राटदारानं बुडवलेला पगार द्यायची जबाबदारी तिच्यावर येते.

आणि तडजोड झाली की घाई करू नका. बाहेर केलेला समझोता फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. तडजोड अधिकाऱ्यासमोरचा सगळ्या कामगारांना लागू होतो, म्हणून तोच घ्या. त्यात प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि हप्त्याची तारीख असू दे. पुढच्या तारखांचे चेक मिळाले म्हणून दावा मागं घेऊ नका. शेवटचा चेक वटून खात्यावर पैसे दिसल्यावरच अर्ज निकाली काढायला सही द्या.