‘यात अमुक नाही’ हे परीक्षणात कधी लिहावं?

परीक्षणं तपासताना माझी पेन्सिल एका ठरावीक वाक्यापाशी हमखास अडते: ‘यात प्रेमप्रकरण नाही, खलनायक नाही, शेवटी उपदेशही नाही.’ अशी यादी कुठल्याही कथेबद्दल करता येते. तिच्यातलं एखादंच ‘नाही’ वाचकाच्या उपयोगाचं असतं. ते कसं ओळखायचं, ते सांगतो.

आधी बघा, जी गोष्ट ‘नाही’ म्हणताय तिचा संकेत, म्हणजे ती असणारच ही रूढ अपेक्षा, त्या काळी, त्या तऱ्हेच्या कथेत खरोखर रुळलेला होता का. बी. आर. चोप्रांनी १९६० साली ‘कानून’ एकाही गाण्याशिवाय काढला. हिंदी सिनेमाचं तेव्हा गाण्यांवाचून पान हलत नव्हतं, त्यामुळे ही नोंद घ्यायलाच हवी. आजच्या थरारपटात गाणी नाहीत, एवढ्यानं वाचकाच्या हाती फारसं काही लागत नाही.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कथेनं त्या गोष्टीसाठी जागा करून ठेवली होती का? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. खटल्याचा सिनेमा म्हटला की वकिलाचं टाळ्याखाऊ भाषण आणि निकाल येणार, हे आपण धरूनच बसतो. इथे लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला चालतो, तारखांवर तारखा पडतात आणि मग कोर्टाला सुटी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं, पण तो न्यायाधीशांच्या मागोमाग त्यांच्या सहलीला जातो. बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना पोरं ओरडून दचकवतात आणि ते एकाला थोबाडीत देतात. ‘यात निकाल नाही’ एवढंच लिहिलंत, तर ही थोबाडीत वाचकापर्यंत पोचतच नाही. काळ्या पडद्यावर बोट ठेवा, मग त्यानंतर काय येतं ते लिहा. असं बोट ठेवण्याजोगी जागा सापडत नसेल, तर नोंद गाळा. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

रिकाम्या जागेनं काय साधलं, तेही शोधा. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) रूढ पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांच्या आवाजांसाठी ट्राउटोनियम हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वापरलंय. शाळेबाहेर नायिका सिगारेट ओढत बसलेली असते. तिच्या पाठीमागे मुलांच्या लोखंडी खेळण्यावर एकेक कावळा येऊन बसत जातो. कानावर पडतं ते वर्गातल्या मुलांचं गाणं, निरागस आणि लांबत जाणारं. धोका आलाय हे सांगायला वाद्यमेळ नाही, त्यामुळे तो आपल्यालाच बघावा लागतो, आणि नायिकेच्या कितीतरी आधी दिसतो. हे लिहिलं की संगीत नसण्याला अर्थ येतो.

संकेत उलटवला असेल तर त्याला ‘नाही’ म्हणू नका. खलनायक शेवटी सज्जन निघाला, तर खलनायकाचा संकेत कथेत आहेच. तिनं तो फिरवलाय. आणि ‘नाही’ला आपोआप शाबासकीही देऊ नका. दोन पात्रांमध्ये प्रेम जुळत नाही, हा काही गुण नव्हे. रात्रंदिवस एकत्र तपास करणाऱ्या दोघांमध्ये लेखकानं दुसरं कुठलं नातं उभं केलं, ते तपासा. काहीच उभं केलं नसेल, तर तेही स्पष्ट लिहा.

राहिला प्रश्न नोंद कुठे टाकायची याचा. गाणी किंवा संगीत नसेल, तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, कुणाचं काही बिघडत नाही. निकाल, उलगडा, पुनर्भेट यांतलं काही नसेल, तर ते सांगणं म्हणजे शेवट फोडणंच. नव्या कलाकृतीबद्दल लिहिताना अशी नोंद लेखाच्या उत्तरार्धात घ्या, आणि तिच्याआधी वाचकाला एका ओळीत सावध करा.