घरच्या पूलचं पाणी: क्लोरीन ओतायच्या आधी पीएच बघा

पूलचं पाणी जरा हिरवट दिसायला लागलं की बहुतेक जण सरळ क्लोरीनचा कॅन उचलतात आणि ओततात, दोन दिवसांनी पाणी परत तसंच, मग परत कॅन. माझं कळकळीचं म्हणणं आहे की आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, ते तपासा. क्लोरीन पाण्यात गेलं की त्यातला काही भागच जंतू मारायला खरा दमदार असतो, बाकीचा अगदी संथ, आणि कुठला किती राहणार ते पीएच ठरवतो. साध्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर साधारण निम्मं क्लोरीन दमदार असतं, ८ वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे तुम्ही ओतताय भरपूर आणि काम होतंय थोडंसंच.

सुरुवातीला पूलमध्ये पाणी किती मावतं ते काढून ठेवा, अंदाजाने केमिकल टाकू नका प्लीज. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणलं की लिटर. ८ बाय ४ चा पूल आणि सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे ४८,००० लिटर. १ पीपीएम म्हणजे १००० लिटरला १ ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशोब सोपा आहे. या पूलमध्ये क्लोरीन २ पीपीएमने वाढवायचं तर ९६ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागेल, म्हणजे ६५ टक्केवाली पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) साधारण १५० ग्रॅम किंवा १० टक्केवालं लिक्विड साधारण १ लिटर. लिक्विड मात्र ठेवून ठेवून कमजोर होतं, उन्हात तर फार लवकर, त्यामुळे जुना कॅन असेल तर टाकल्यावर परत टेस्ट कराच.

टेस्टसाठी थेंबांचं किट घ्या, पट्ट्यांपेक्षा ते बरंच भरवशाचं. सॅम्पल वरवरचं घेऊ नका, हात कोपरापर्यंत बुडवून घ्या आणि जिथून फिल्टरचं पाणी परत येतं तिथून लांब. आणि नुकतंच भरपूर क्लोरीन टाकलं असेल तर पीएचचा रंग फसवतो, तेव्हा क्लोरीन कमी झाल्यावर बघा.

आता क्रम. आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच स्थिर धरून ठेवायची ताकद, ती ८० ते १२० पीपीएम हवी, कारण ती कमी असली की पीएच एका जागी टिकतच नाही, आज नीट केला की उद्या पुन्हा हलतो. वाढवायला साधा खायचा सोडा चालतो, १० पीपीएमसाठी १००० लिटरला साधारण १७-१८ ग्रॅम. मग पीएच, ७.२ ते ७.८ मध्ये, शक्यतो ७.५ च्या आसपास. जास्त असेल तर म्युरियाटिक (हायड्रोक्लोरिक) ऍसिड, कमी असेल तर सोडा ॲश (धुण्याचा सोडा), डोस पॅकवर बघून थोडा थोडा, पंप चालू ठेवून, आणि काही तासांनी परत टेस्ट. सगळं एकदम टाकून मोकळं व्हायची घाई नको. त्यानंतर क्लोरीन, १ ते ३ पीपीएम, स्टॅबिलायझर (खाली सांगितलंय) वापरत असाल तर २ च्या खाली जाऊ देऊ नका. कॅल्शियम २०० ते ४०० पीपीएम असलं की झालं, ते रोज बघायची गरज नाही.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ऍसिड, ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, ३० ते ५० पीपीएम पुरतं. पण ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्यांमध्ये ते आधीच असतं, गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर आपोआप जमा होतं आणि ते उडून जात नाही, शेवटी थोडं पाणी काढून नवीन भरावं लागतं. म्हणून वर्षभर फक्त गोळ्यांवर राहू नका असं मला मनापासून वाटतं.

पूलला क्लोरीनचा उग्र वास येतोय, डोळे चुरचुरतायत, तर क्लोरीन जास्त झालंय असं समजू नका. बहुतेक वेळा ते घाम-लघवीशी चिकटून वापरलं गेलेलं क्लोरीन असतं. किटवर दिसणाऱ्या टोटल (एकूण) क्लोरीनमधून फ्री (अजून न वापरलेलं) क्लोरीन वजा करा, जे येईल त्याच्या दहापट क्लोरीन एकदम टाकून शॉक द्यायचा, संध्याकाळी ऊन गेल्यावर, आणि आकडा नॉर्मलला येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. पाणी हिरवं असेल तर भिंती ब्रशने घासा, फिल्टर चालू ठेवा, बॅकवॉश करत राहा (म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा), नुसत्या केमिकलने शेवाळ जात नाही.

आता हे मात्र नीट वाचा. ऍसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एका डब्यात, एका चमच्याने, एका फीडरमध्ये अजिबात नको, आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. बादलीत आधी पाणी, मग त्यात केमिकल, उलटं कधीच नाही. ग्लोव्हज आणि गॉगल घाला, डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे कोरड्या जागी, ऍसिड वेगळं. आणि तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल तर आकडे कितीही छान असले तरी त्या दिवशी कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.