झामोश्चला जाताय? या चुका टाळा

पोलंडला जायचं, वॉर्सा आणि क्राकूफचा कार्यक्रम तासातासाने आखायचा आणि झामोश्चचं नाव निघालं की ‘छोटंसं तर आहे, एका दिवसात उरकू’ म्हणायचं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की कोणी विचारलं तर आधी हेच सांगते: किमान दोन रात्री राहा. यान झामोइस्की या पोलिश सरदाराने 1580 मध्ये बेर्नार्दो मोरांदो या इटालियन वास्तुविशारदाकडून मोकळ्या जमिनीवर आखून घेतलेलं हे शहर. 100 मीटर बाय 100 मीटरचा चौक आणि कडेला आर्मेनियन व्यापाऱ्यांची रंगीत घरं. परतीच्या बसकडे डोळे लावून बसलेल्याला यातलं काही दिसत नाही.

सगळ्यात महागात पडते ती बसच्या वेळापत्रकाची चूक. थांब्यावरच्या पाटीवर वेळ असते आणि तिच्या शेजारी एक बारीक अक्षर. लोक वेळ वाचतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि निघतात. एका जुलैत मी आणि माझी बहीण झामोश्चहून साधारण 30 किलोमीटरवरच्या झ्विएझिनिएत्सला गेलो. तळ्यातल्या बेटावरचं छोटं चर्च बघितलं, जंगलात फिरलो आणि परतीची बस पाचनंतरची आहे म्हणून निवांत थांब्यावर आलो. बस आलीच नाही. अर्ध्या तासाने एक आजी तिथून जात होत्या. त्यांनी पाटीवरच्या ‘एस’वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘वाकात्सिए.’ म्हणजे सुट्टी. ‘एस’ म्हणजे शनिवार नाही, रविवारही नाही. शाळा चालू असतील त्या दिवशीच ती बस धावते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद. पुढची बस मिळेपर्यंत, वॉर्साला परतायला आम्हाला जिच्यावर अवलंबून राहायचं होतं ती लुब्लिनची शेवटची गाडी गेली होती. वॉर्सातल्या खोलीचे पैसे भरलेले असताना झामोश्चमध्ये दुसरी खोली घ्यावी लागली.

‘डी’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सणवार सोडून. ‘सी’ म्हणजे शनिवार, रविवार आणि सण. मी आता पोचल्या पोचल्या आधी परतीच्या बसची अक्षरं वहीत लिहून घेते, मगच पाण्याची बाटली विकत घेते. ॲपवर सगळं मिळतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण गावोगावच्या छोट्या गाड्यांसाठी माझा भरवसा पाटीवर आणि ड्रायव्हरवर.

रेल्वे स्टेशनात ‘पेरोन’ म्हणजे फलाट आणि ‘तोर’ म्हणजे रूळ. दोघांचे आकडे वेगळे असतात. आधी पेरोन बघा.

बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. खाण्याचं सामान शनिवारी घ्या.

युरो घेऊन जाऊ नका, तिथे झ्वॉटी चालतो. एटीएमने ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा.

शाकाहारींनो, ‘पिएरोगी रुस्किए’ या उकडलेल्या करंज्यांमध्ये बटाटा आणि पनीरासारखं चीज असतं, तरी बिनधास्त मागवू नका. वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालून देतात. ऑर्डर देतानाच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. ताट समोर आल्यावर बाजूला काढत बसण्यात अर्थ नाही, चरबी सगळीकडे लागलेली असते. ‘झुरेक’ सूपच्या वाटेला जाऊ नका, त्यात सॉसेज असतं.

आणि उन्हाळ्यात गेलात तर दुपारी 12 ला चौकात उभे राहा. टाउन हॉलच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते ती तीनच दिशांना. पश्चिमेला, क्राकूफकडे तोंड करून वाजवत नाहीत.