लुअरचे (मासे पकडायच्या नकली आमिषाचे) हुक पावसाळ्यात गंजायचे, माझा अनुभव

बडोद्यात पाऊस लागला की हवा इतकी दमट होते की बंद डब्यातसुद्धा लुअरचे ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) तांबडे पडायचे. आता सीझन संपला की सगळे लुअर गोड्या पाण्यात धुतो, आणि खंभातच्या आखाताकडे वापरलेले असतील तर चांगले भिजवूनच ठेवतो कारण मीठ स्प्लिट रिंगच्या (हुक लुअरला जोडणारी कडी) फटीत अडकतं, मग पंख्याखाली रात्रभर वाळवायचे आणि हुकांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात. ओले लुअर डब्यात अजिबात टाकू नका!! डब्यात नारंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवतो, हिरवी झाली की ओलावा भरला, ओव्हनमध्ये 120 डिग्रीला सुकवली की परत चालते. निळी घेत नाही, त्यात कोबाल्ट असतं. सॉफ्ट प्लास्टिकचे लुअर मात्र वेगळे ठेवा, ते चिकटले तर बाकीच्यांचा रंग विरघळतो.