विवाह आणि कुटुंब समुपदेशक कसा निवडावा

शोधाशोध सुरू करण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: आपल्याला कशासाठी जायचंय? 'सारखी भांडणं होतात' हे फार मोघम झालं. 'पैशांचा विषय निघाला की चार दिवस अबोला' हे कामाचं. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तरी हरकत नाही. मात्र एकाला नातं सावरायचंय आणि दुसऱ्याचं वेगळं व्हायचं जवळपास ठरलंय, असं असेल तर समुपदेशकाला पहिल्या फोनवरच सांगून टाका. अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतले कुटुंब-थेरपिस्ट विल्यम डोहर्टी यांची 'डिसर्नमेंट काउन्सेलिंग' ही जास्तीत जास्त ५ सेशनची वेगळी पद्धत आहे. तिथे नातं दुरुस्त करायला घेत नाहीत. दुरुस्तीला हात घालायचा की नाही, एवढंच ठरवतात.

घरात मारहाण, धमक्या किंवा जोडीदाराची भीती असेल, तर एकत्र सेशन घेऊ नका. तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. आधी सुरक्षिततेची सोय करा आणि समुपदेशकाशी एकट्याने बोला.

आता नावं जमवा. ओळखीतलं, नात्यातलं कुणी नको. तुमच्यापैकी एकावर आधीपासून उपचार करणारी व्यक्तीही नको. ती कितीही चांगली असली तरी दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखं वाटत राहतं.

खरी निवड फोनवर होते. तिथे पदवीइतकंच प्रशिक्षणाबद्दल विचारा: 'जोडप्यांसोबत काम करायचं वेगळं शिक्षण घेतलंय का? तुमच्याकडे जोडपी किती येतात?' एकट्या माणसाचं दुःख ऐकणं आणि समोर पेटलेलं भांडण हाताळणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत. दुसरं येत नसेल तर सेशन म्हणजे फी भरून केलेलं भांडण.

पद्धतही विचारा. उत्तरात जॉन आणि जुली गॉटमन यांच्या जोडप्यांसाठीच्या गॉटमन पद्धतीचं नाव येईल किंवा ईएफटीचं, म्हणजे सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या भावनाकेंद्री थेरपीचं. (बोटांनी अंगावर हलकं टकटक करायच्या एका तंत्रालाही ईएफटीच म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध नाही, तेव्हा नेमकं कोणतं ते विचारून घ्या.) मुलांसह सगळं घर न्यायचं असेल तर साल्वाडोर मिनुचिन यांच्या स्ट्रक्चरल थेरपीसारखं (म्हणजे घरातल्या नात्यांच्या रचनेवर काम करणारं) कुटुंबाचं प्रशिक्षण झालंय का, ते बघा. 'सगळंच थोडं थोडं वापरतो' असं उत्तर आलं तर एखादं उदाहरण मागा.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात: 'आमच्यापैकी एकाने तुम्हाला एकट्याला काही सांगितलं, तर ते दुसऱ्यापासून लपवाल का?' कुणी म्हणेल, मी गुपितं ठेवत नाही. कुणी म्हणेल, ठेवतो, पण अमुक मर्यादेपर्यंत. दोन्ही चालतं, 'बघू तेव्हा' हे उत्तर चालत नाही. उद्या बाहेरच्या संबंधाची गोष्ट निघाली, तर त्या 'बघू'मध्ये तिघेही अडकतात.

फी, वेळ, ऑनलाइनची सोय, रद्द करायचे नियम हेही त्याच फोनवर उरका.

पहिल्या सेशनला समुपदेशक काय सांगतो याहून तो काय अडवतो ते पाहा. एकजण 'याला माझी पर्वाच नाही' म्हणत सुटला आणि समुपदेशक नुसता मान डोलावत बसला, तर कठीण आहे. चांगला समुपदेशक तिथेच थांबवून दुसऱ्याला विचारेल, 'हे ऐकताना तुम्ही खिडकीकडे बघितलंत. काय आलं मनात?' निकाल कुणाच्याच बाजूने देणार नाही. पहिल्याच दिवशी 'वेगळे व्हा' किंवा 'जुळवून घ्या' असा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

घरी आल्यावर एकमेकांना एवढंच विचारा: तुझं म्हणणं ऐकून घेतलं असं वाटलं का? एकाचं उत्तर 'नाही' असेल तर पुढच्या वेळी ते समुपदेशकासमोरच बोला. त्यावर तो चिडला किंवा सारवासारव करू लागला, तर यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावा. त्याने शांतपणे विचारपूस केली, तर आणखी तीन-चार सेशन द्या आणि मग काय बदललं याचा आढावा त्याच्याकडूनच मागा.