हिवाळाभर स्कूटर उभी राहणार? आधी बॅटरी काढा
दोन-तीन महिने स्कूटर बंद राहिली की पहिली मान टाकते ती बॅटरी. म्हणून ती काढूनच ठेवा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवायची, मग लाल, बसवताना उलट. टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर जुन्या टूथब्रशने घासून घ्या. बॅटरी कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

टाकी जवळपास भरून ठेवा, रिकामी राहिली तर आतून दव धरतं आणि गंज चढतो. टायरमध्ये पूर्ण हवा, गाडी डबल स्टँडवर. कव्हर कापडीच घ्या, प्लास्टिकखाली ओल कोंडते.

एक मात्र टाळा: अधूनमधून दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करणं. तेवढ्यात सायलेन्सर नीट तापत नाही आणि आत पाणी साचून राहतं.